टपावरची काठी किती लांब?

बिदरच्या बसस्टँडजवळ किंवा आळंदच्या चौकात पोलिसांची गाडी उभी दिसली, की तुम्ही आधी काय बघता? लाल-निळा दिवा! पुढच्या वेळी गाडीवरची बारीक काळी काठीही बघा. ती अँटेना. गाडीतला वायरलेस सेट तिच्यातूनच बोलतो आणि तिच्यातूनच ऐकतो. आधी खरखर, मग कानडी, मधेच दखनी, कधी आपली मराठी, आणि शेवटी सगळ्यांचं एकच ‘ओव्हर’!

पण ही काठी आणली आणि ठोकली टपावर, असं चालत नाही बरं का. तिची लांबी हिशेबानं ठरते. बोटभर फरक पडला तरी सेट कुरकुरायला लागतो.

असं का? झोक्यावर बसलेल्या ताईला तुम्ही ढकलता ना? झोका मागे येऊन वळतो, नेमकं तेव्हा ढकललं तर हलक्या हातानंही तो उंच जातो. वेळ चुकली की जोर वाया. अँटेनेतही वीज टोकापर्यंत जाते, परत फिरते, पुन्हा जाते, तेही सेकंदाला कोट्यवधी वेळा! सेटचा धक्का आणि ही ये-जा यांचा मेळ बसला, की लहरी भरभरून बाहेर पडतात.

आता गणित. घाबरू नका, एकच भागाकार आहे. हौसेनं वायरलेसवर बोलणारे ‘हॅम’ मंडळी 145 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपनं. रेडिओलहर सेकंदात सुमारे 30 कोटी मीटर धावते. भागा! एका लहरीची लांबी आली जवळजवळ 2 मीटर 7 सेंटिमीटर. तिचा पाव भाग, म्हणजे सुमारे 52 सेंटिमीटर, एवढी काठी पुरते. खरं तर लहरीच्या निम्म्या लांबीची अँटेना हवी, पण खालचा अर्धा भाग टपाचा पत्राच सांभाळतो. म्हणून ताडपत्रीच्या टपाच्या जीपवर हीच काठी पार ढेपाळते. गाडीसुद्धा अँटेनेचा भाग आहे, हे मला तरी सगळ्यात भारी वाटतं.

गणितानं काठी मिळते, पण सूर लावावा लागतो मीटरनं. त्याचं नाव एसडब्ल्यूआर मीटर. सेटनं पाठवलेली किती शक्ती अँटेनेवरून परत येते, ते त्यावरून कळतं. काटा 1 वर असेल तर काहीच परत येत नाही. 2 वर असेल तर शेकडा 11 भाग परत येतात, आणि 3 वर असेल तर चक्क पाव! ही परत आलेली शक्ती सेटला तापवते, कधी जाळतेसुद्धा. मग काठी जरा जास्तच लांब घेतात, मोजतात, दोन-तीन मिलिमीटर कापतात, पुन्हा मोजतात. बहुतेक वेळा ती 49 सेंटिमीटरच्या आसपास येऊन जुळते. घाई करायची नाही. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

दूरवर बोलायला हॅम 7 मेगाहर्ट्झ वापरतात. तिथं पाव लहर भरते साडेदहा मीटरहून जास्त! एवढी काठी घेऊन हुमनाबादच्या रस्त्यावर निघालात तर पहिल्याच पुलाला अडकाल. म्हणून काठी आखूड ठेवून तिच्यात तारेची गुंडाळी घालतात. मेळ बसतो, पण थोडी शक्ती गुंडाळीतच उष्णता होऊन जाते.

145 मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र जवळपास सरळ रेषेत जातात, मधे टेकाड आलं की अडतात. बिदर शहर पठाराच्या काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच. तिथून खाली मांजरेच्या खोऱ्याकडे लहरी मोकळ्या पसरतात. खोलगटातल्या गाडीचं मात्र कठीण. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भीमेला महापूर आला आणि कलबुर्गी जिल्ह्यातली कितीतरी गावं पाण्यात गेली. अशा वेळी मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी गाडीच्या बॅटरीवरचा सेट बोलू शकतो. अर्थात काठी नीट जुळलेली असेल तर!

पोलिसांच्या अँटेनेला हात लावू नका हं. तुम्हाला स्वतःलाच हॅम व्हायचं असेल, तर वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की सरकारी परीक्षा देता येते. पास झालात की परवाना आणि स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. तोवर घरातला रेडिओ घ्या. तुमच्या आवडत्या एफएम स्टेशनचा आकडा बघा, 7500 ला त्यानं भागा, आणि येतील तेवढे सेंटिमीटर अँटेना बाहेर ओढून आवाज सुधारतो का ते ऐका.