अत्यंत अकालजात अर्भकाची शुश्रूषा आणि कुटुंबाचे स्थान

गर्भधारणेचे २८ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास ‘अत्यंत अकालजात’ म्हटले जाते. त्याची त्वचा इतकी पातळ असते की तिच्यातून पाणी व उष्णता सतत निघून जाते. म्हणून जन्मताच त्याला न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राखणे ही परिचारिकेची पहिली जबाबदारी होय. चिकटपट्टी काढताना कातडी सोलू न देणे, तपासण्या एकत्र उरकून बाळाला झोपू देणे, ही कामे नोंदवहीत क्वचितच दिसतात. परंतु शुश्रूषेचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला असतो.

‘बाळाला काचेत ठेवले आहे’ हा आपल्याकडील रूढ शब्दप्रयोग. आई काचेबाहेर असणार, हे त्यात गृहीतच आहे. संसर्गाच्या भीतीने ही ताटातूट दीर्घकाळ आवश्यक मानली गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे व डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी, उबवणपेट्या अपुऱ्या असल्यामुळे, बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवण्यास आरंभ केला. टंचाईतून निघालेली ही ‘कांगारू’ पद्धत केवळ गरिबांची सोय नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्युप्रमाण १२ टक्के, तर प्रकृती स्थिरावल्यावर सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के आढळले. मात्र एक किलोहून कमी वजनाची बाळे त्यात नव्हती. अत्यंत अकालजात बाळांपैकी अनेक नेमकी त्याच वजनाची असतात. कृत्रिम श्वसनावरील बाळाबाबत तर निर्णय अधिकच जपून घ्यावा लागतो.

तोवर आईने काय करावे? चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत बसत नसल्याने दूध नळीवाटे द्यावे लागते. प्रसूतीनंतर काही तासांतच ते पिळून काढण्यास परिचारिका शिकवते. पुढे दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी ते करावे लागते. प्रारंभी जेमतेम काही थेंब येतात, आणि आई खचते. त्या थेंबांना ‘एवढेच?’ असे न म्हणता ते वाटीतून जपून उचलून बाळाच्या गालाच्या आत लावणे, तेही आईच्याच हाताने, हे परिचारिकेच्या कौशल्याचेच काम आहे.