प्रतिपिंडमापन, कुत्र्यांतील अलर्क रोगाचे
अलर्क रोगाची लस दिलेल्या कुत्र्याच्या रक्तरसात (रक्तातील पेशीरहित द्रवात) रोगाचा विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे किती आहेत, हे ठरविण्याची पद्धती. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रमशः विरल केलेला रक्तरस जिवंत विषाणूंत मिसळून ते मिश्रण पेशीसंवर्धनात घालतात. संसर्ग कितपत रोखला गेला, हे अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकाने पाहतात. दर मिलि. मध्ये किमान ०·५ आंतरराष्ट्रीय एकक आढळल्यास लसीस पुरेसा प्रतिसाद मिळाला, असे मानतात. कुत्रे परदेशी नेताना काही देशांत हा दाखला लागतो. तथापि यावरून रोगनिदान होत नाही. कारण रोगात प्रतिपिंडे बहुधा उशिरा उद्भवतात. निश्चित निदान मृत प्राण्याच्या मेंदूच्या तपासणीने होते. म्हणून दंश झालेल्या व्यक्तीचे उपचार या अहवालासाठी लांबवीत नाहीत.