दह्याविना गारवा : मोरोक्कोची कोशिंबीर

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात सूर्यास्तापूर्वीच्या भोजनात काही थंडावा देणारे असावे असे वाटते. परंतु ताटात वरण असले की द्विदलाच्या नियमामुळे कच्च्या दह्याची कोशिंबीर वर्ज्य ठरते. मोरोक्कोच्या पाकपद्धतीत यावर उपाय सापडतो. तेथे किसलेल्या गाजरात संत्र्याचा रस, लिंबू व दालचिनी घालतात. दह्याची गरजच पडत नाही. गाजर कंदमूळ असल्याने आपण काकडी घ्यावी आणि गोडीसाठी मधाऐवजी खडीसाखर. संत्र्याच्या जागी भौगोलिक मानांकन लाभलेली, आपल्या मराठवाड्यातील जालन्याची मोसंबी उत्तम.

चौघांसाठी २ काकड्या सोलून, चव पाहून बारीक चिराव्यात. त्यांत बिया काढलेला १ टोमॅटो व १ मोसंबीच्या फोडी मिसळाव्यात. फोडींवरील पांढरा पापुद्रा कडवट लागतो, तो सोलून टाकावा. अर्ध्या लिंबाचा रस, १ चमचा खडीसाखरेची पूड, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड व चिमूटभर दालचिनी घालावी. मीठ वाढतानाच घालावे. आधी घातल्यास काकडीला पाणी सुटते.

अष्टमी-चतुर्दशीस हिरव्या भाज्यांचा त्याग असणाऱ्यांनी अन्य दिवस निवडावा. ही कोशिंबीर ताजीच संपवावी. शिळी ठेवू नये.