डॉक्टर पावरींचे सात बळी

भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद. कापूस वेचून पऱ्हाट्या उपटल्या की मोकळ्या रानात स्टंप रोवले जातात आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. यंदा मात्र सगळ्यात जोरात टाकणारा पोरगा दिसेना. तो बारावीला, नीटच्या क्लाससाठी लातूरला. ‘डॉक्टर व्हायचंय, आता कसलं क्रिकेट!’ वडील म्हणाले.

मी त्यांना मेहेलाशा पावरींची गोष्ट सांगितली. 1866 साली नवसारीत जन्मलेला हा पारशी गडी मुंबईत वेगवान गोलंदाज म्हणून गाजला. तेव्हा पारशी पोरं मैदानावर खेळायची आणि गोऱ्यांच्या जिमखान्याचे साहेब तिथंच पोलो खेळून घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण करायचे. त्यावर अर्ज-विनंत्या झाल्या, भांडणं झाली. 1888 मध्ये पावरी पारशी संघासोबत इंग्लंडला गेले आणि त्या एका दौऱ्यात त्यांनी 170 बळी घेतले. सामने सगळेच मोठ्या संघांशी नव्हते, हे खरं. पण आकडा काही छोटा होत नाही.

खरी मजा जानेवारी 1890 ची. जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्रज संघ हिंदुस्थानात आला होता. मुंबईत, त्याच जिमखान्याच्या मैदानावर, पावरींनी दुसऱ्या डावात 34 धावांत 7 गडी टिपले आणि पारशी चार गडी राखून जिंकले. साहेबांचा अख्ख्या दौऱ्यातला हा एकमेव पराभव.

पुढे पावरी वैद्यकीच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. तिथंही चेंडू सुटला नाही. 1895 मध्ये मिडलसेक्स काउंटीकडून एक सामना खेळून घेतला. मुंबईत डॉक्टर म्हणून नाव झालं, 1901 मध्ये पारशी क्रिकेटवर पुस्तकही लिहिलं.

असे आणखीही होते. मेलबर्नचा डॉक्टर रॉय पार्क ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला नामांकित खेळाडू. 1920-21 च्या मोसमात त्याला एकच कसोटी मिळाली आणि फलंदाजीत तो पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. आदली रात्र पेशंटच्या उशाशी जागून काढली होती, असं सांगतात.

पोराच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चुना मळत म्हणाले, ‘‘तव्हा नीट नव्हती ना, सर.’’