पंधरा कप्पे, एक घड्याळ

आमच्या ओट्याखालच्या दाराचं प्लाय दुसऱ्याच पावसाळ्यात उकललं. बिजागरी शाबूत होती, स्क्रू घट्ट होते, पण एका बाजूचा पापुद्रा कोपऱ्यापासून सुटून लोंबत होता. सुतारमामांनी फटीत पटाशी सरकवली, पापुद्रा वर उचलला आणि मला जवळ बोलावलं. आतल्या थरावर ग्लू होता आणि भरपूर होता. पण तो काचेसारखा कडक, गुळगुळीत वाळून बसला होता आणि पापुद्र्याला त्याचा डागसुद्धा लागलेला नव्हता. "हे पाण्यानं सुटलेलं नाही," मामा म्हणाले. "हे कधी चिकटलंच नव्हतं."

भरपूर ग्लू लावूनही न चिकटलेलं लाकूड माझ्या डोक्यातून जाईना. संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, प्लाय जिथं बनतं तिथं जाऊन या. म्हणून मी हरियाणात यमुनानगरला गेलो.

अंबाला-सहारनपूर मार्गावरच्या यमुनानगर-जगाधरी स्टेशनातून बाहेर पडलं की प्लायवूड दिसायला लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पॉपलरचे सरळसोट ओंडके रचलेले असतात. रिकाम्या शेतांत, रस्त्याकडेला, कारखान्यांच्या आवारांत लाकडाचे पातळ पत्रे उन्हात पसरलेले असतात. आपल्याकडे चैत्रात गच्चीवर पापड वाळतात तसे. मंडईत ओंडक्यांची जाडी पाहून भाव ठरतो आणि त्या प्रतींची नावं 'ओव्हर', 'अंडर' आणि 'सोक्ता' अशी आहेत. भाजीबाजारात भाव पुकारावा तसे ते शब्द ऐकू येतात.

हे लाकूड जंगलातलं नाही, शेतातलं आहे. पॉपलर पाच ते आठ वर्षांत तोडणीला येतो, आणि हिवाळ्यात त्याची पानं झडत असल्यामुळे खालच्या गव्हाला ऊन मिळतं. उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांमध्ये हे झाड रुजवण्यात विम्को या काडेपेटीच्या कंपनीचा मोठा वाटा होता. अंबरनाथच्या विम्को नाक्यावरून रोज जाणाऱ्यांना ते नाव परकं वाटणार नाही.

भारतात प्लायवूड सुरू झालं ते आसामात, चहाच्या पेट्यांसाठी. ईशान्येची जंगलं बरीच वर्षं या धंद्याला लाकूड पुरवत होती. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, जंगलतोडीला लगाम बसला आणि तिकडच्या गिरण्या बंद पडल्या. धंदा जंगल सोडून शेताकडे वळला, यमुनानगर वाढलं. इतिहास एवढाच सांगून पुढे जातो, कारण तो ज्याच्या हातांतून गेला असा माणूस मला पुढे भेटला.

ओंडका पात्यासमोर फिरवला की त्यातून लाकडाचा सलग पत्रा उलगडत येतो, चटईची गुंडाळी सोडावी तसा. तो कापून, वाळवून, ग्लू लावून एकावर एक रचतात. एका थराचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे. प्लायची सगळी ताकद या उभ्या-आडव्यात आहे. नेहमीच्या आतल्या दर्जाच्या प्लायला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा ग्लू लागतो. आणि त्यात चक्क मैदा घालतात! पोती फोडून मैदा ग्लूमध्ये घोटताना पाहिला तेव्हा मला ती भेसळ वाटली. तसं नाही. ग्लू लाकडात नको तेवढा मुरू नये, त्याला अंग यावं, आणि कच्चा असतानाच थरांनी एकमेकांना धरून ठेवावं म्हणून मैदा असतो. हा मैदा पुढे कामाला येणार आहे.

रचलेली कच्ची शीट हॉट प्रेसमध्ये जाते. प्रेस म्हणजे तापलेल्या जाड लोखंडी प्लेटांचा उभा रचलेला मनोरा. प्लेटांमधून गरम तेल फिरतं आणि ते तेल तापवायला कारखान्यातलंच टाकाऊ लाकूड जाळतात. दोन प्लेटांमधल्या मोकळ्या जागेला 'डेलाइट' म्हणतात. कामगारांच्या तोंडी तो नुसता 'खाना' असतो. एका खान्यात आठ बाय चार फुटांची एक शीट बसते. सगळे खाने भरले की खालून हायड्रॉलिक दट्ट्या वर येतो आणि मनोरा मिटतो. दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो दाब धरला तर एका शीटवर साडेतीनशे टनांहून जास्त भार येतो. प्लेटा शंभर अंशांच्या थोड्या वर तापलेल्या असतात.

मी गेलो त्या कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये दहा खान्यांची प्रेस हाताने भरत होते. समोर वर-खाली होणारं टेबल, त्यावर कच्च्या शीटांची चळत आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस. १२ मिलिमीटरची एक शीट वीस किलोंच्या पुढे जाते. दोघं ती उचलत, टोक खान्याच्या तोंडाशी नेमकं धरत आणि एका झोक्यात आत सारत. मग टेबल एक खाना वर, पुन्हा तेच. अंगावर बनियन, हातांत सुती मोजे, समोर भट्टीसारखी धग, आणि फॉर्मल्डिहाइडच्या वासाने डोळ्यांतून पाणी. मी घड्याळ लावलं. पहिली शीट आत गेल्यापासून प्रेस मिटेपर्यंत दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला.

"तुमच्या दाराचं तिथं झालं," मागून आवाज आला.

ते चाचा होते. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणू लागलो. पोरवयात ते वरच्या आसामातल्या एका प्लायवूड गिरणीत लागले. न्यायालयाच्या आदेशानंतर ती गिरणी बंद झाली, तेव्हा कामाच्या शोधात इथे आले. आता नव्या शेडमधल्या मोठ्या प्रेसवर असतात. माझ्या दाराची गोष्ट मी सकाळीच त्यांच्या कानावर घातली होती.

त्यांनी ती उलगडून दाखवली. हा ग्लू उष्णता लागली की पक्का होतो आणि त्यानंतर पुन्हा ओला होत नाही. आपल्याकडे वरचा दर्शनी पापुद्रा फार पातळ असतो, जेमतेम ०.३ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे प्लेटेची धग त्याच्या मागच्या ग्लूपर्यंत क्षणात पोचते. पहिली शीट तापल्या प्लेटेवर टेकली की तिच्या खालच्या बाजूचं घड्याळ सुरू झालं. वरचे नऊ खाने भरून दाब येईपर्यंत तिचा खालचा ग्लू कुणालाही न चिकटता पिकून जाऊ शकतो. मग साडेतीनशे टन आले तरी काय उपयोग? "म्हणून एकच बाजू सुटते," चाचा म्हणाले. "तुमच्या दाराची जी बाजू सुटली ती प्रेसमध्ये खाली होती."

मामांनी पटाशीच्या टोकावर पाहिलेलं सत्य दीड हजार किलोमीटरवर असं जुळलं. शीट कच्ची राहिली की बिघडते हे मला ठाऊक होतं. ती वेळेआधी पिकल्यानेही बिघडते हे मला इथे कळलं.

नव्या शेडमधला लोडर, म्हणजे प्रेस भरणारं यंत्र, याच दीड मिनिटावर उपाय म्हणून आला आहे.

प्रेसला पंधरा खाने आहेत आणि तिच्या तोंडाशी तेवढ्याच कप्प्यांचा एक पोलादी पिंजरा उभा आहे. पिंजरा जमिनीतल्या खड्ड्यात खाली उतरतो. रचणीच्या टेबलावरून एक शीट रुळांवरून सरकत येते, कप्प्यात शिरते, पिंजरा एका कप्प्याएवढा वर उचलला जातो आणि पुढची शीट येते. हे सगळं आधीची खेप प्रेसमध्ये शिजत असतानाच चालतं. पिंजऱ्यातल्या शीटांना धग लागत नाही, म्हणून त्यांचं घड्याळ अजून बंद असतं. बारा मिलिमीटरच्या प्लायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात पिंजरा भरून तयार असतो.

मग दाब हळूहळू उतरवतात. घाईने उतरवला तर आत कोंडलेली वाफ थर फोडून बाहेर येते आणि शीटला फुगा धरतो. प्रेस उघडते. पिंजरा असा थांबतो की त्याचा प्रत्येक कप्पा समोरच्या खान्याशी तंतोतंत जुळावा. पाठीमागून एक उंच चौकट पुढे येते. तिला प्रत्येक कप्प्यासाठी ढकलणारी बोटं आहेत. ती पंधराही शीटांना एकदम रेटते. आत शिरणाऱ्या कच्च्या शीटा पुढच्या शिजलेल्यांना पलीकडच्या तशाच पिंजऱ्यात ढकलतात. चौकट मागे आली की प्रेस मिटायला लागते. पट्ट्या आणि दांड्यांची जोडणी अशी आहे की सगळे खाने बरोबरच मिटतात, खालचा आधी आणि वरचा नंतर असं होत नाही.

मी पुन्हा घड्याळ लावलं होतं. अर्धं मिनिटही झालं नाही. पहिली आणि पंधरावी शीट असा भेदच उरला नाही, सगळ्यांना एकच घड्याळ. मी तिथे चार खेपा पाहिल्या आणि चारही वेळा ती चौकट पुढे जाताना श्वास रोखला गेला. पंगतीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भात गरमच पडावा, तसा न्याय हे यंत्र करतं. माणसाच्या हातांना तो जमत नव्हता. त्यांत कसब कमी होतं म्हणून नव्हे, हात चारच होते म्हणून.

लोडरचे आणखीही प्रकार आहेत. काहींत शीट पातळ तबकावर बसून आत जाते आणि तबक झटक्यात मागे येतं, पाववाला लांब दांड्याचं लाकडी फावडं भट्टीतून ओढून घेतो तसं. मोठ्या परदेशी कारखान्यांत ही सगळी रांग माणसाच्या हाताशिवाय चालते. यमुनानगरमध्ये मात्र प्रेस आणि लोडर बनवणाऱ्या कार्यशाळा गावातच आहेत. बोट वाकलं तर दुपारपर्यंत नवं घडवून मिळतं.

पण या यंत्राचा हट्ट एका जागी अडतो. कच्ची शीट ही शीट नसतेच, ती ओल्या पापुद्र्यांची चळत असते. मागून रेटली तर ती पुढे सरकेल, की मध्येच वाकून गोळा होईल? इथे मैदा कामाला येतो. रचलेल्या शीटांची चळत आधी थंड प्रेसमध्ये दाबून ठेवतात. मैद्यामुळे थर एकमेकांना धरतात, चळतीची एक फळी होते, आणि मग ती ढकलता येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुताराने खळीत मैदा शिजवला असेल, तोच आज या पोलादी चौकटीला आधार देतो.

तरीही कोपरा राहतोच. ०.३ मिलिमीटरचा पापुद्रा हवेत सुकला की त्याचा कोपरा कुरळा होतो. पंधरांतला एखादा कोपरा खान्याच्या काठाला अडकतो, दुमडतो, आणि ती शीट दुय्यम प्रतीत जाते. म्हणून चाचा लोडर आणि प्रेस यांच्या मधल्या वीतभर फटीशी उभे असतात. त्यांच्या हातात बांबूची एक घासून पातळ केलेली पट्टी असते, हातभर लांब. चौकट हलायच्या आधी ते खालून वर नजर टाकतात. एखादा कोपरा वळलेला दिसला की पट्टी त्याच्याखाली घालतात, चमच्याने साय उचलावी तशी, आणि शीट आत जाईपर्यंत तशीच धरतात. लोखंडी पट्टी का नाही? "लोखंड तापतं आणि पापुद्र्याला फाडतं," ते म्हणाले. "बांबूला हात असतो." पट्टी त्यांनी स्वतः घासली आहे. ती हातात घेऊन पाहिली तर मुठीची जागा काळी आणि तुकतुकीत झालेली होती.

कारखान्याच्या मालकांनी मला आधीच बजावलं होतं: "फक्त चांगलं लिहू नका, अडचणी पण लिहा." त्या बऱ्याच आहेत.

पहिली अडचण जागेची. पिंजऱ्याला खड्डा लागतो, उंच छप्पर लागतं, प्रेसच्या दोन्ही बाजूंना मोकळी लांबी लागते. गल्लीतल्या छोट्या शेडमध्ये हे मावत नाही. पैसा हाताशी आला तरी भिंत पाडावी लागते.

दुसरी रचणीची. इथे आतले थर अजूनही बहुतेक हातानेच मांडतात. पॉपलरचे लहानमोठे तुकडे जुळवताना कुठे एकावर एक चढतात, कुठे फट राहते. हाताने भरणारा माणूस फुगवटा बोटाने ओळखून शीट बाजूला ठेवतो. लोडरला बोटं आहेत, पण ती फक्त ढकलतात.

तिसरी विजेची. चौकट अर्ध्यावर असताना वीज गेली तर पंधरा शीटा अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अडकतात, आणि आतल्या अर्ध्यांचं घड्याळ चालूच असतं. त्यामुळे लोडर घेतला की चोवीस तास तयार असा जनरेटरही आला.

चौथी अडचण मला सगळ्यांत जास्त बोचली. हाताच्या प्रेसवर यंत्र माणसांसाठी थांबत असे. आता दर दहा मिनिटांनी पिंजरा भरलेला हवा. ग्लूवाले, मांडणीवाले, उचलणारे, सगळ्यांना त्या ठेक्यावर यावं लागतं. उशीर झाला तर उघडी प्रेस नुसतीच तापते आणि इंधन वाया जातं. बरीच माणसं इथे नगावर मजुरी घेतात. उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळमधून आलेल्या या माणसांपैकी प्रेस भरणाऱ्यांची धगीतली, कंबर मोडणारी कामं लोडरने घेतली हे चांगलंच झालं. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणारा म्हटलं आहे. उघड्या प्रेसच्या तोंडाशी माणूस कमी वेळ राहील तेवढं बरं. पण जुन्या शेडमधल्या त्या दोघांना मी विचारलं तेव्हा ते धगीबद्दल काही बोलले नाहीत. लोडर इकडे कधी येणार, एवढंच त्यांना माहीत करून घ्यायचं होतं, आणि त्यांचा सूर उत्सुकतेचा नव्हता.

त्यातच प्लायवूडसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा केंद्राचा आदेश २०२३ मध्ये निघाला. मरीन प्लायच्या भारतीय मानकात, आयएस ७१० मध्ये, तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग थर सुटतात का ते पाहतात. अशा चाचणीसमोर दीड मिनिटाची चूक लपत नाही. गिऱ्हाईक म्हणून मला हे हवंच आहे. माझं दार त्याचा पुरावा आहे. पण ज्याच्या शेडमध्ये खड्डा खणायला जागा नाही त्याने काय करायचं? एकीकडून एमडीएफ स्वस्त पडतो, दुसरीकडून पॉपलरचा भाव चढला की गाभ्यावरचा खर्च वाढतो, आणि भाव पडला की शेतकरी पुढच्या हंगामात झाडच लावत नाही. या सगळ्यात लोडरचा खर्च भरून निघण्याइतका माल सतत चालवावा लागतो. यंत्र उभं राहिलं तर हप्ते थांबत नाहीत.

निघायच्या आधी पुन्हा चाचांकडे गेलो. त्यांच्याजवळ एक विशीतला मुलगा उभा होता. कंट्रोल पॅनल तो चालवतो, बटणं, दाब, तापमान सगळं त्याला तोंडपाठ. चाचांनी पट्टी त्याच्या हातात दिली. तो खालून चौथ्या कप्प्याचा कोपरा उचलायला गेला आणि पापुद्रा टरकला. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याचं मनगट धरून थोडं सैल केलं, पट्टीचं टोक खाली झुकवलं आणि पाचव्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

चौकट पुढे जायची वेळ झाली होती. मुलाने पाचवा कोपरा उचलला, धरला, आणि पंधराही शीटा एकदम आत गेल्या.