सुभेदाराची सून आणि रोकुगानचे सामुराई

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ठाणे-कल्याण परिसरात वाढलेल्या मुलाला कोणी मुद्दाम बसवून सांगावी लागत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या देखाव्यात, शिवजयंतीच्या पोवाड्यात ती कधीतरी कानावर पडतेच. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. लुटीबरोबर सुभेदाराची रूपवती सून महाराजांपुढे आणली गेली. महाराजांनी तिला आईचा मान दिला आणि साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवले. कल्याण घेतल्याचा इतिहास पक्का आहे. सुनेच्या प्रसंगाला मात्र समकालीन कागदपत्रांत आधार सापडत नाही, असे इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. तरीही गोष्ट टिकली, आणि ती केवळ भाबडेपणामुळे टिकली असे म्हणता येणार नाही. महाराजांविषयी प्रतिकूल लिहिणाऱ्या खाफीखानालासुद्धा शत्रूपक्षाच्या स्त्रियांना उपद्रव होऊ द्यायचा नाही हा त्यांचा नियम मान्य करावा लागला होता. म्हणजे प्रसंगाचा पुरावा नसला, तरी त्यातून दिसणाऱ्या स्वभावाचा पुरावा आहे.

या गोष्टीपाशी वाचकाला दोन प्रश्न पडतात. 'हे घडले का?' हा पहिला. त्याचे उत्तर दफ्तरखान्यात शोधायचे असते. 'हे बसते का?' हा दुसरा. ज्या माणसाची, ज्या काळाची, ज्या जगाची ही गोष्ट आहे, त्या जगात ती शोभते का, असे त्यात विचारलेले असते. त्याचे उत्तर कोणत्याही दफ्तरात नसते. ज्यांनी ते जग मनात बाळगले आहे, असे वाचकच ते देतात. मराठी वाचकाने हे दोन प्रश्न कायम एकमेकांत मिसळले आहेत. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली. अशा कादंबऱ्यांवर रंगणाऱ्या गप्पांत 'बखरीत असे नाही' आणि 'माधवराव असे बोलणारच नाहीत' ही दोन वाक्ये एकाच दमात येतात. यातले पहिले इतिहासाविषयी आहे, दुसरे वाचकाच्या मालकीविषयी.

दुसरा प्रश्न सुटा करून पाहायचा असेल, तर जिथे पहिला विचारताच येत नाही अशा ठिकाणी जावे लागते. असे ठिकाण म्हणजे मुळातच कल्पित असलेला, पण हजारो लोकांनी मिळून मनात वसवलेला देश. प्रस्तुत लेखात अशा एका देशाची, त्याच्यावर लिहिलेल्या कादंबऱ्यांची आणि त्या कादंबऱ्यांवर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या चाहत्यांची ओळख करून द्यायची आहे. देशाचे नाव रोकुगान.

रोकुगान कोणत्याही नकाशात नाही. 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' नावाचा पत्त्यांचा खेळ १९९५ साली अमेरिकेत निघाला, त्या खेळाचे हे राज्य. आपल्या रमीच्या पत्त्यांशी त्याचे साम्य नावापुरतेच. इथल्या प्रत्येक पत्त्यावर एक व्यक्ती, एखादे शस्त्र, एखादा किल्ला किंवा एखादा प्रसंग असतो आणि खेळाडू आपली गड्डी स्वतः जुळवतो. १९९७ साली याच जगावर भूमिका वठवत खेळायचा खेळही आला. त्यात चार-पाच जण एका टेबलाभोवती बसून पात्रांच्या तोंडून बोलत कथा घडवतात. नावातली 'पाच वलये' आली मियामोतो मुसाशी या सतराव्या शतकातील जपानी तलवारबहाद्दराच्या ग्रंथावरून. त्या ग्रंथाचे पाच भाग म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि शून्य. ही नावे आपल्या ओळखीची वाटतात याला कारण आहे. जपानमधली पाच तत्त्वांची कल्पना बौद्ध धर्माबरोबर भारतातूनच तिकडे गेली, आणि आपले आकाश तिथे शून्य झाले.

रोकुगानमध्ये एक सम्राट आहे आणि त्याच्या सेवेत सात मोठी कुळे आहेत. खेकडा कूळ दक्षिणेच्या तटबंदीवर राक्षसांना अडवत उभे असते. सारस कूळ दरबार आणि कला सांभाळते. सिंहाकडे सैन्य आहे, फिनिक्सकडे मंत्रविद्या. ड्रॅगन डोंगरात साधना करतात. एकशिंगी घोड्याचे कूळ शतकानुशतके परदेशी भटकून परत आलेले आहे. विंचू कूळ सर्वांत विलक्षण. सम्राटासाठी जी कामे उजळ माथ्याने करता येत नाहीत, ती करण्याची शपथ या कुळाच्या मूळपुरुषाने घेतली. त्यामुळे खोटेपणा आणि विश्वासघात हाच त्यांचा धर्म ठरला. दुष्टपणा हीच ज्याची निष्ठा आहे, असा माणूस चांगला की वाईट? दुर्योधनाचे मीठ खाल्लेल्या कर्णाविषयी वाद घालत मोठ्या झालेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. एका बाजूला कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूला मन, या ओढाताणीवर रोकुगानमधल्या बहुतेक कथा उभ्या आहेत.

या खेळाचे खरे वेगळेपण मात्र पुढे आहे. त्याची कथा कंपनीच्या लेखकांनी एकट्याने लिहिली नाही. मोठ्या स्पर्धांचे निकाल कथेत उतरत असत. जिंकणाऱ्या खेळाडूचे कूळ कथेतही वरचढ ठरे, आणि काही वेळा पुढचे वळण निवडण्याचा मान विजेत्याला मिळे. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कोणी डाव जिंकावा आणि त्यामुळे एखाद्या राज्याचे भवितव्य बदलावे, असे हे प्रकरण होते. साहजिकच 'आमचे कूळ' हे शब्द चाहते थट्टेने वापरत नसत. कथेतला तो विजय त्यांनी खरोखर मिळवलेला असे.

अशा जगावर कादंबरी लिहिणे सोपे नाही. २००० सालापासून कुळांच्या महायुद्धावर सात कादंबऱ्या निघाल्या, प्रत्येक कुळाच्या नावाची एक. वाचकांना युद्धाचा शेवट आधीच ठाऊक होता, कारण तो १९९७ सालीच खेळून झाला होता. म्हणून 'पुढे काय होणार' या उत्सुकतेवर या पुस्तकांना जगता येत नव्हते. महाभारतावर कादंबरी लिहिणाऱ्याची हीच अडचण असते. वाचक येतो तो शेवट कळावा म्हणून नव्हे, तर शेवटापर्यंतची वाट या लेखकाने कशी चालवली ते पाहायला.

मग चाहते वाद कशावर घालतात? त्यांच्या चर्चेत साधारण चार मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. पहिला मुद्दा मेळाचा. नियमपुस्तकात प्रवासाला सात दिवस लागतात असे म्हटले असेल, तर कादंबरीत तो दोन दिवसांत कसा झाला? दुसरा स्वभावाचा. सारस कुळातली मुरलेली मुत्सद्दी बाई भर दरबारात आवाज चढवेल का? तिसरा कुळाभिमानाचा. दुसऱ्या कुळाला मोठे करण्यासाठी लेखकाने आमच्या सेनापतीला मूर्ख ठरवले आहे, ही तक्रार प्रत्येक कुळाचे चाहते कधी ना कधी करतातच. चौथा मुद्दा सर्वांत अवघड, प्रमाणाचा. पत्त्यावर छापलेली ओळ, नियमपुस्तकातला परिच्छेद आणि कादंबरीतले प्रकरण यांत विसंगती आली, तर खरे कोणाचे मानायचे? श्रुती आणि स्मृतीत विरोध आला तर श्रुती प्रमाण, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. चाहत्यांनाही तशीच उतरंड लावावी लागते. ती लावताना ते तोंडाने कायदेपंडितासारखे बोलत असले, तरी मनातली भीती साधी असते. ज्यावर आपण जीव लावला ते 'खरे नव्हतेच' असे उद्या कोणी म्हणाले तर?

ही भीती खरी ठरली. २०१५ साली खेळाचे हक्क 'फँटसी फ्लाइट गेम्स' या कंपनीने विकत घेतले. २०१७ साली, म्हणजे डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले त्याच वर्षी, नवा खेळ बाजारात आला आणि त्याची कथा कुळांच्या महायुद्धाच्याही अलीकडून, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यानंतर वीस वर्षांत जे घडले होते, खेळाडूंनी जे जिंकले-हरले होते, ते नव्या कथेत घडलेलेच नव्हते. व्यवसायाच्या दृष्टीने निर्णयात तथ्य होते. वीस वर्षांचा इतिहास पाठ केल्याशिवाय नव्या माणसाला आत शिरता येत नाही, असे जग हळूहळू म्हातारे होते. पण ज्यांनी तो इतिहास स्वतः घडवला, त्यांच्या दृष्टीने ही पाटी पुसण्याची गोष्ट होती, आणि पुसणाऱ्याने त्यांना विचारले नव्हते.

नव्या पर्वातल्या कादंबऱ्यांनी यातून एक शहाणी वाट काढली. २०२० पासून 'अॅकोनाइट' या प्रकाशनाने रोकुगानवर कादंबऱ्यांची मालिका काढली. त्यांतल्या अनेकांनी सम्राट, महायुद्ध, राज्याचे भवितव्य हे मोठे विषय बाजूला ठेवून छोटे कोपरे निवडले. जोश रेनॉल्ड्स यांच्या 'पॉयझन रिव्हर'चा नायक दाइदोजी शिन हा सारस कुळातला वरवर ऐदी, नाटकवेडा उमराव आहे. एका नदीकाठच्या व्यापारी शहरात तो गुन्ह्यांचा माग काढतो आणि त्याची करारी अंगरक्षक कासामी त्याच्यावर सतत वैतागलेली असते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजाररावाबरोबर ज्यांच्या सुट्ट्या गेल्या, त्यांना ही जोडी पाहताच आवडेल. मेरी ब्रेनन यांच्या 'द नाइट परेड ऑफ हंड्रेड डीमन्स'मध्ये डोंगरातले एक खेडे आहे आणि तिथे रात्री भुतांची मिरवणूक निघते. ही कल्पना जपानी लोककथांतून आलेली आहे. अशा पुस्तकांत राज्याचा इतिहास बदलत नाही. म्हणून पुढे कंपनीने पाटी पुन्हा पुसली, तरी त्यांचे फारसे बिघडणार नाही. २०२१ साली पत्त्यांचा नवा खेळ बंद झाला. कादंबऱ्या त्यानंतरही वाचता येतात, यातच सगळे आले.

जपानी नावे वापरून पाश्चात्त्यांनी रचलेले हे जग कितपत जपानी आहे, हा आक्षेप चाहत्यांतही घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. रोकुगानमध्ये चिनी आणि मध्य आशियाई धागे जपानी धाग्यांत सरमिसळ झाले आहेत. उसना घेतलेला आकार जपून हाताळावा लागतो, हे शिरीष पै यांच्यामुळे हायकू वाचू लागलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. १९६७ या एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने त्याला डोक्यावर घेतले, तर इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने त्याचे दोष न लपवता मांडले. दोन्ही पुस्तके अजून वाचली जातात आणि त्यांच्यातला वाद मिटलेला नाही. तो मिटवण्याचा अधिकारच कोणाला नाही. 'यापुढे एवढाच कर्ण खरा' असे पत्रक काढील असे कार्यालय महाभारताला नाही. सुभेदाराच्या सुनेचेही तसेच. इतिहासकार प्रसंग नाकारू शकतो आणि ते त्याचे कामच आहे. पोवाडा ऐकणाऱ्याच्या मनातून मात्र त्याला तो काढून टाकता येत नाही. रोकुगानचा चाहता आणि आपण एकाच रीतीने वाचतो, 'हे बसते का?' असेच विचारत वाचतो. फरक इतकाच की त्याच्या जगाला मालक आहे, आणि आपल्या जुन्या जगांना नाही.

हा फरक लहान नाही. आजची मुले ज्या जगांत रमतात त्यांतली बहुतेक जगे कोणाच्या तरी मालकीची आहेत. तिथे त्यांनी कितीही जीव लावला, तरी सातबारा दुसऱ्याच्याच नावावर राहणार. म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी एखाद्या खेळातल्या राज्याविषयी तावातावाने भांडू लागली, तर 'काल्पनिक गोष्टीसाठी कशाला डोके शिणवतेस' असे म्हणून आपण तो विषय संपवू नये. ते भांडण मालकीचे आहे, आणि त्यात वाचकाकडे एकच हत्यार असते: आठवण. कंपनी कथा नव्याने सुरू करू शकते, पण वाचलेले आणि खेळलेले कोणाच्या मनातून परत घेऊ शकत नाही. जुन्या रोकुगानचे विजय ज्यांना आठवतात, त्यांच्यापुरते ते राज्य अजून उभे आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. या संस्थांनी पुस्तके जपली हे तर खरेच. पण पुस्तक परत करायला आलेल्या दोन अनोळखी माणसांनी काउंटरपाशी उभे राहून 'कर्ण असा वागला असता का?' यावर हुज्जत घालावी, अशी जागाही त्यांनीच दिली. सुभेदाराची सून कागदपत्रांत नसूनही आपल्यापर्यंत आली, ती अशाच जागांतून आणि अशाच हुज्जतींतून.