‘नुसतं सांगायचं’ काम आणि त्याचं प्रमाणपत्र



रेशनकार्डात सुनेचं नाव चढत नाही. सासूचा निराधारचा पगार बंद पडला. पोरीचा जातीचा दाखला अडलाय. नवरा दारू पिऊन मारतो. अशा वेळी गावातली बाई पहिल्यांदा कुणाचं दार वाजवते? सीआरपी ताईचं, ग्रामसंघाच्या अध्यक्षांचं, बँक सखीचं, नाहीतर अंगणवाडी ताईचं. आणि ताई हातातलं काम बाजूला ठेवून सांगते, “अमक्या ऑफिसात जा, हे कागद घेऊन जा.”

हे काम आपण इतक्या सवयीनं करतो की त्याला काम म्हणतच नाही. घरचे तर म्हणतातच, “नुसतं सांगायचं तर असतं, त्यात काय एवढं?”

पण चुकीचं सांगितलं तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाईची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि दुसऱ्यांदा ती ऑफिसात जातच नाही. मग एजंट गाठतो. म्हणून बरोबर सांगणं हे कौशल्यच आहे. अमेरिकेत या कौशल्याची रीतसर परीक्षा होते आणि प्रमाणपत्रही मिळतं. ते कसं चालतं आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, ते आज बघू.

अमेरिकेतली पद्धत

तिथे २११ हा फोन नंबर आहे. १९९७ साली अटलांटा शहरात तो सुरू झाला आणि २००० साली सरकारनं देशभर या कामासाठी राखून ठेवला. घरभाडं थकलं, घरात धान्य नाही, म्हाताऱ्या आईला सांभाळायला कुणी नाही, अशा अडचणीत लोक तिथे फोन करतात. पलीकडची व्यक्ती पैसे किंवा धान्य देत नाही. ती अडचण ऐकून घेते आणि योग्य ठिकाणी पाठवते. या कामाला तिथे ‘माहिती आणि रेफरल’ म्हणतात. रेफरल म्हणजे योग्य दारापर्यंत पोहोचवणं.

हे काम करणाऱ्यांची संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिचं आजचं नाव ‘इन्फॉर्म यूएसए’. तीच परीक्षा घेते. आणि प्रमाणपत्राचं नाव काय, तर ‘कम्युनिटी रिसोर्स स्पेशालिस्ट’. आपली सीआरपी म्हणजे ‘कम्युनिटी रिसोर्स पर्सन’. नावात एका शब्दाचाच फरक!

तीन गोष्टी मला विशेष वाटल्या.

पहिली, अनुभवाला किंमत आहे. पदवी असेल तर कमी वर्षांचा अनुभव चालतो. शिक्षण कमी असेल तर जास्त वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे शाळा सुटली म्हणून परीक्षेचं दार बंद होत नाही.

दुसरी, माहितीची नोंद ठेवणाऱ्यांसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे. कोणतं ऑफिस कुठे, वेळ काय, कागद कोणते, हे सतत तपासून ठेवणं हेही तिथे स्वतंत्र काम मानतात.

तिसरी, प्रमाणपत्र कायमचं नसतं. दर दोन वर्षांनी ते नव्यानं करून घ्यावं लागतं आणि मधल्या काळात प्रशिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. कारण योजना बदलतात, अटी बदलतात. जुनी माहिती म्हणजे चुकीची माहिती.

परीक्षेत काय बघतात?

योजनांची नावं पाठ आहेत का, एवढंच बघत नाहीत. बाईचं ऐकून घेता येतं का, हे आधी बघतात. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, एक ताई आली आणि म्हणाली, “मला निराधारचा पगार पाहिजे.” आपण लगेच कागदांची यादी सांगून मोकळ्या होऊ शकतो. पण थोडं थांबू या.

१) आधी पूर्ण ऐका. विचारल्यावर कळतं, की नवरा सहा महिन्यांपूर्वी वारला, दोन मुलं शाळेत आहेत आणि दीर म्हणतोय घर सोड.

२) खरी गरज ओळखा. तिनं एकच मागितलं, पण गरजा चार आहेत. महिन्याला आधार, तातडीचे पैसे, मुलांचं शिक्षण आणि डोक्यावरचं छप्पर.

३) दारं दाखवा, निवड तिची. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, तेही तहसीलमध्येच विचारायचं. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, ती महिला व बालविकास विभागाकडे. घराच्या हक्कासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. फोन नंबर १५१००. आधी कुठे जायचं, हे मात्र तिनंच ठरवायचं.

४) पाठपुरावा करा. पंधरा दिवसांनी विचारा, “ताई, काय झालं? पोच मिळाली का?” राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात बसणाऱ्या सेवेच्या अर्जाची पोच मिळालीच पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत काम झालं पाहिजे. नाही झालं तर अपील करता येतं.

५) तोंड बंद ठेवा. तिच्या घरची गोष्ट पारावर गेली, तर उद्या कुठलीच बाई तुमच्याकडे येणार नाही.

मारहाण, जिवाला धोका असं काही असेल तर कागदांच्या मागे लागू नका. आधी ११२ किंवा महिला हेल्पलाईन १८१, मग बाकीचं.

मग आपलं काय?

बाईच्या कामाला प्रमाणपत्र मिळणं आपल्याकडे नवीन नाही. गटांतल्याच महिलांना ५६ दिवसांचं प्रशिक्षण देऊन, परीक्षा घेऊन कृषी सखी म्हणून प्रमाणित करतात. १८ जून २०२४ रोजी वाराणसीत ३०,००० हून जास्त कृषी सखींना प्रमाणपत्रं दिली गेली. शेतीचं ज्ञान असं मोजता येतं, तर माहिती देण्याचंही येईल. ही मागणी प्रभाग संघाच्या बैठकीत मांडायला काय हरकत आहे?

एक सावधगिरी. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे, आणि माहितीचे पैसे घेण्याचा परवाना तर नव्हेच नव्हे. कुणी “पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या” म्हणत आलं, तर आधी संघाच्या ऑफिसात विचारा.

प्रमाणपत्र मिळेल तेव्हा मिळेल. त्यातलं माप आजच वापरता येतं. पुढच्या बैठकीत ग्रामसंघानं एक वही घालावी. पहिल्या पानापासून तालुक्यातली ऑफिसं, लागणारे कागद आणि माहिती तपासल्याची तारीख लिहावी. मागच्या बाजूनं कोण आलं, कुठे पाठवलं, काम झालं का, हे लिहावं. नाव लिहू नका, नुसता नंबर टाका. वही एका ताईच्या ताब्यात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी माहिती पुन्हा तपासा.

वर्षभरानं ती वही उघडाल, तेव्हा किती बायकांचं काम झालं ते मोजून सांगता येईल. मग “त्यात काय एवढं?” म्हणणाऱ्यांच्या पुढ्यात ती वहीच ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक